पूर्ण नक्कल

आर्णीच्या बसस्टँडमागं, खताच्या दुकानाच्या माडीवर, एका संस्थेची हेल्पलाइन चालायची. २००८चा मे महिना. कापसानं घरंच्या घरं गप्प केली होती त्या दिवसांत. ज्याला बोलायला कुणी उरलं नाही तो इथं फोन करी. तिथला सर्व्हर थकला होता. त्याची पूर्ण नक्कल घेऊन ती कोऱ्या मशीनवर चढवायची, एवढंच काम घेऊन राजदीप सकाळी माडी चढला. पूर्ण म्हणजे लिनक्स, सेटिंग, फायली, डिस्कवरची रिकामी जागासुद्धा.

अशी नक्कल त्यानं गेल्या वर्षीही घेतली होती, म्हणजे रजिस्टरात तसं लिहिलं होतं. अकराला भारनियमन, यूपीएसची बॅटरी दहा मिनिटांची, आणि फोनवरच्या रेकॉर्डिंगचं फोल्डर अवाढव्य. त्यानं ते वगळलं, 'पूर्ण बॅकअप घेतला' म्हणून सही ठोकली आणि भजी खायला गेला. चार दिवसांनी फोन घेणाऱ्या लालीताई दिग्रसच्या रस्त्यावर अपघातात गेल्या. त्याच महिन्यात वीज उसळून डिस्क जळाली. नवी डिस्क बसवल्यावर बाकी सगळं परत आलं. लालीताईंचा आवाज आला नाही. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तर राजदीपनं झोपासुद्धा वर्षानं करायला घेतला होता. या वेळी भाड्याचा जनरेटर खाली तयार ठेवला होता.

लालीताई बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या. बाया त्यांच्याशी तासन्‌तास गोरबोलीत बोलत, आणि त्या मधूनमधून फक्त "मंग?" म्हणत. एकदा राजदीपनं कुणाचा तरी फोन आपणहून ठेवला, तेव्हा त्या केवढ्या तापल्या होत्या! "समोरच्यानं ठेवल्याबिगर आपून ठेवाचा नाई, राजूभाऊ. त्याचं बोलनं सरलं का नाई, हे आपल्याले काय ठाऊक?"

बारा वाजता देवसिंग आला. लालीताईंचा नवरा. दर बाजाराला तो येई, पाणी पिई आणि तेच विचारी.

"भाऊ, आज पुरी मशीनच उतरवून राह्यले म्हनते. लाली भेटन का त्याच्यात?"

राजदीपनं पडद्यावरची नजर हलवली नाही. "दादा, कितींदा सांगू? डिस्कच जळाली. माह्या हातात काही नोतं."

"पोरगी इचारते, याडी, तिची माय, कशी बोले. मी मायसारखा आवाज काढून दाखवतो. तं हासते..." देवसिंग खुर्चीत बसून राहिला.

खाली दुकानातून खताचा वास येत होता. कूलर घरघरत होता. कामाच्या सोयीसाठी राजदीपनं फोनची तार सकाळीच भिंतीतून उपटली होती. एकाच्या सुमाराला नक्कल पुरी झाली, नव्या मशीनवर चढली, आणि मशीन पहिल्या झटक्यात उभी राहिली. त्याला बरं वाटलं. सवयीनं त्यानं रेकॉर्डिंगचं फोल्डर उघडलं.

डिस्क जळाल्यापासून रेकॉर्डिंग बंदच होतं, फोल्डर रिकामं असायला हवं होतं. आत एक फाईल होती. सुरुवात आज दुपारी बाराची. तिचा आकार वाढत होता.

त्यानं हेडफोन कानाला लावले. आधी कूलरची घरघर. मग एक ओळखीचा, थोडा बसका आवाज.

"बोला... मी ऐकून राह्यली."

राजदीपनं आवाज मोठा केला. ही डिस्क लालीताई गेल्यावर विकत आणलेली. त्यांचा एक शब्दही हिच्यावर कधी पडला नव्हता. फायलीत आता त्याचाच आवाज आला, तासाभरापूर्वीचा: "डिस्कच जळाली. माह्या हातात काही नोतं."

थोडा वेळ काहीच नाही. मग हळूच, अगदी मायेनं,

"मंग?"

त्यानं हेडफोन काढले. देवसिंग त्याच्याकडेच बघत होता.

"दादा... आवाज होता. बॅकअप घेताना मीच सोडला. अकराले लाइन जाईन म्हनून. अन् पूर्ण घेतला म्हनून सही केली."

देवसिंगनं मान खाली घातली. रागावला असता तर राजदीपला सोपं गेलं असतं. "वर्षभर मले वाटे, माह्याच नशिबात नोतं," तो म्हणाला. "खरं सांगतलं असतं तं मी येनंच बंद केलं असतं का?"

"दादा, ऐका. आहेत त्या... आत्ता आहेत." राजदीपनं हेडफोन त्याच्या कानांवर ठेवले. देवसिंगनं डोळे मिटले. बराच वेळ तो तसाच बसला, आणि मग हेडफोन अलगद टेबलावर ठेवले.

"कूलर वाजून राह्यला भाऊ. दुसरं काई नाई."

तो जिना उतरून गेला, आणि पुढच्या बाजाराला आला नाही. त्यानंतरही कधी नाही.

राजदीपनं त्या दिवशी दोन्ही मशीन बंद केल्या, प्लग उपटले, कुलूप घातलं आणि घरी गेला. सकाळी नवी मशीन सुरू केली तेव्हा फाईल एकवीस तासांची झाली होती. त्यानं पुढं सरकवून ऐकलं. कुलपाचा आवाज. मोटारसायकल. मग त्याच्या घरचं स्वयंपाकघर, आणि त्याच्या बायकोचा, प्रियंकाचा आवाज, "जेवत काहून नाई?" आणि त्याचा, "भूक नाई, काई झालं नाई मले."

मग ती थोडी शांतता. राजदीपनं घाईनं हेडफोन ओढून काढले, पण शब्द आलाच, आणि हेडफोन तर हातात होते.

"मंग?"