पान चार, ओळ नऊ

छापखान्यापासून बसथांब्यापर्यंत दोन वाटा होत्या. एक रस्त्याची, लांबची. दुसरी वजनकाट्याच्या आवारातून, जवळची. त्या संध्याकाळी तिला उशीर झाला होता म्हणून ती जवळच्या वाटेने निघाली. मालाचे ट्रक ज्यावर उभे करतात त्या लोखंडी पट्ट्यावरून ती टकटक चालत होती, तेवढ्यात खांबावरचा कर्णा खाकरला.

“अहो बाई... काट्यावरून उतरा. पन्नास किलो.”

ती जागच्या जागी थिजली. समोरच्या फलकावर लाल आकडे पेटले होते, पाच आणि शून्य. रांगेतल्या दोन ड्रायव्हरांनी माना बाहेर काढून ते आकडे नीट वाचून घेतले.

ती तरातरा केबिनच्या खिडकीशी गेली. आत संगणकासमोर एक सावळा, लांब बोटांचा तरुण माइक धरून बसला होता आणि हसू दाबायचा प्रयत्न करत होता... तो काही जमत नव्हता.

“पन्नास? अठ्ठेचाळीस आहे मी!”

“असाल ना. पण आमचा काटा दहादहाने मोजतो. मधलं त्याला कळत नाही. तक्रार असेल तर वही आहे.”

“तक्रार आहेच. बाहेर पाटीवर ‘वाहन ऊभे करावे’ लिहिलंय. उ ऱ्हस्व पाहिजे.”

“इथे वीस-वीस टनांची गाडी उभी राहते, बाई. उकाराकडे कोण बघतं?”

“मी बघते. त्याचाच पगार घेते,” असं म्हणून तिने खरोखरच वहीत तक्रार लिहिली. वजनाची नाही, उकाराची.

दुसऱ्या दिवशी पाटीवरचा उ ऱ्हस्व झाला होता. तिने तो पाहिला, कारण दुसऱ्या दिवशीही ती त्याच वाटेने गेली होती. उशीर झालेला नसताना.

ती प्रूफं तपासायची. छापखान्यात तिला सगळे ‘वेलांटी’ म्हणायचे. चुकलेली वेलांटी तिच्या नजरेतून सुटली असं सात वर्षांत झालं नव्हतं. तो काटेवाला. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात तोच माइक तोंडाशी धरून तो रॅप करायचा. पूर्वी ते तिघे मित्र मिळून गात. एक परदेशी गेला, एक संसाराला लागला, आणि उरलेल्याने एकट्याचा अल्बम केला. नाव ठेवलं ‘एकट्याचं वजन’. पाठीशी ना कंपनी, ना जाहिरात. ऐकणाऱ्याने ऐकायचं आणि दुसऱ्याच्या कानात घालायचं. अंडरग्राउंड म्हणजे हेच, असं त्याने तिला खिडकीतून समजावलं होतं.

“म्हणजे चोरून?”

“चोरून नाही हो. जमिनीखालून. मुळासारखं.”

हे उत्तर तिने बसमध्ये तीनदा मनात घोळवलं.

अल्बमबरोबर द्यायला गाण्यांच्या ओळींची एक पुस्तिका हवी म्हणून तो हाताने लिहिलेली पानं घेऊन छापखान्यात आला. प्रूफं तिच्याच टेबलावर आली. आता, प्रूफ वाचणारा माणूस मजकूर वाचत नाही, अक्षरं वाचतो. अर्थात शिरलं की चूक निसटते, हे मालककाकांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिने आठही गाणी तशीच वाचली. लाल पेन सरसर चाललं.

दोन दिवसांनी तो आला. टेबलाच्या कडेला बोटांनी ठेका धरत उभा राहिला.

“कसं... कसं वाटलं?”

“अकरा ऱ्हस्व-दीर्घ, चार अनुस्वार, एकदोन किरकोळ. बाकी ठीक आहे.”

बोटांचा ठेका थांबला. “बाकी ठीक,” तो हळूच म्हणाला. शेवटच्या प्रूफावर त्याने न बघताच सही केली. “तुम्ही बघितलंय ना? मग मी काय बघणार.”

त्या वाक्याने ती चार दिवस हवेत होती. त्याचा चेहरा उतरला होता, हे मात्र अक्षरं वाचणाऱ्या त्या डोळ्यांना दिसलं नाही.

अल्बम आला. नेटवर लोकांची मतं येऊ लागली, आणि रोज संध्याकाळी खिडकीशी ती ऐकायची नवी रीत पडली. तो फोनवरून वाचून दाखवायचा.

“ऐका. ‘तिघांत मजा होती. एकटा म्हणजे रिकामी गाडी, खडखडाट जास्त.’”

“मेला कोण आहे हा?”

“असू द्या. हे बघा – ‘मागे ट्रकचा फुस्स आवाज येतो तो मुद्दाम घातलाय का? जबरदस्त.’ काय मुद्दाम? इथेच रेकॉर्ड केलं, गाडी आली मध्येच!”

ती खळखळून हसली. तो तिच्याकडे बघत राहिला, मग घाईघाईने फोनमध्ये डोकं घातलं.

“आणि हे... ‘चौथ्या गाण्यातली ‘तू’ कोण आहे?’ शंभर जणांनी विचारलंय.”

“मग सांगा की त्यांना.”

“बघू,” तो म्हणाला. कान मात्र लाल झाले.

तिचं हसू तिथेच विरलं. चौथ्या गाण्यातली तू. आपल्याशी तर तो दोन महिने अहो-जाहो करत होता. म्हणजे अगं-तुगं करावं अशी दुसरी कुणीतरी होती.

आणि मग ती आली, ‘उलटी टोपी’. नेटवरचं नाव हेच, फोटोही उलट्या टोपीतल्या मुलीचा. तिचं मत दोन ओळींचं नसायचं. एकेका गाण्यावर ती पानभर लिहायची. कुठे श्वास चुकला, कुठे शब्द ठेक्याच्या मागे राहिला आणि का राहिला ते बरं झालं. तो ती मतं वाचून दाखवताना सावकाश वाचायचा, थांबून थांबून.

“काय कान आहे हिचा,” एकदा तो म्हणाला.

“‘आर्शीवाद’ लिहिलंय तिने,” ती म्हणाली.

“अं?”

“रफार चुकलाय. तिसऱ्या ओळीत.”

घरी तिने भाजी चिरायला घेतली ती भाजीवर राग काढल्यासारखी. वहिनी शेजारी भांडी पुसत होती. तिने दोनदा नाक वर करून वास घेतला.

“जळतंय काहीतरी.”

“गॅस बंद आहे, वहिनी.”

“गॅसचं नाही म्हणत मी.”

“...एक मुलगी आहे. उलटी टोपी म्हणून. त्याच्या गाण्यांवर नुसती मतं लिहीत असते.”

“नावातच उलटी आहे, तिला काय घाबरतेस?” वहिनी म्हणाली. “आणि तू काय लिहिलंस?”

“मी?”

“मत गं. त्याने विचारलं असेल ना तुला?”

विळीवरचा तिचा हात थांबला. विचारलं होतं. सगळ्यांच्या आधी तिलाच विचारलं होतं. आणि तिने अनुस्वार मोजून दाखवले होते. खरं सांगायचं तर तिने अल्बम अजून ऐकलाच नव्हता. आधी वाटलं, वाचून झालाय, आणखी काय ऐकायचं. आणि नंतर त्या ‘तू’च्या रागाने.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने फोन उघडला. उलट्या टोपीचं नवं मत आलं होतं, चौथ्या गाण्यावर.

‘पुस्तिकेत छापलंय, “तू हसलीस की होतो मी मनाने हलका”. मनाने हलका म्हणजे कोत्या मनाचा. स्वतःलाच असं म्हणणारा पहिला रॅपर! पण कान उघडे ठेवा, तो ‘मणाने’ म्हणतोय. मण, वजनातला. दिवसभर जगाचं ओझं मोजणारा माणूस, ती हसली की मणभर हलका होतो. अल्बममधली सगळ्यात सुंदर ओळ. ज्याने कुणी ती ‘सुधारली’ त्याला ना गाणं कळलं, ना हा माणूस.’

तिला ते पान आठवलं. त्याने स्वच्छ ण काढला होता, पोटात गाठ मारलेला. तिनेच प्रूफातला ण लाल पेनाने कापला होता, आणि शेजारी, समासात, ऐटीत न लिहिला होता.

खाली त्याचं उत्तर होतं. एकच ओळ. ‘चूक माझी. माझं अक्षर वाईट आहे.’

त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. त्याला कधीच कळलं होतं, आणि रोज खिडकीशी भेटूनही त्याने तिला एका शब्दाने बोलून दाखवलं नव्हतं. वर सगळ्या जगासमोर खोटं बोलून तिची चूक अंगावर घेतली होती.

तिने इअरफोन लावले. कागदाच्या गठ्ठ्यांमागे, शाईच्या वासात, तिने पहिल्यांदा ते गाणं ऐकलं.

*दिवसभर काट्यावर येतो जगाचा माल ओला-सुका,*
*तू हसलीस की होतो मी मणाने हलका.*

त्याचा आवाज कानात इतका जवळ आला की तिने उगाच मागे वळून पाहिलं. मग परत लावलं. परत. सुट्टी संपल्याची घंटा तिला ऐकूच आली नाही. पण गंमत अशी की डोळे भरून आलेले असतानाही मत्सर काही गेला नाही, उलट वाढला. इतकी सुंदर ओळ... आणि ती दुसऱ्या कुणाच्या हसण्याची? आणि ती कळली कुणाला, तर त्या टोपीला! रविवारी त्याने अल्बमच्या श्रोत्यांचा मेळावा ठेवला होता, टोपी यायचीच.

“काका,” ती मालककाकांकडे गेली, “मला दोनशे शुद्धिपत्रं छापायची आहेत.”

“कुणाची चूक?”

“माझी.”

काकांनी चष्मा काढला. सात वर्षांत हा शब्द त्यांनी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. “कागद पांढरा घेऊ की पिवळा?” एवढंच त्यांनी विचारलं.

मेळावा सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या मजल्यावर होता. चाळीस खुर्च्या, दोन पंखे, खालून येणारा वंगणाचा वास. रविवारची दुपार. ती लवकर पोचली आणि प्रत्येक खुर्चीवर एकेक पिवळी चिठ्ठी ठेवत गेली.

“एक मला,” मागून आवाज आला. उलटी टोपी! फोटोपेक्षा देखणी. तिने चिठ्ठी मोठ्याने वाचली:

“‘शुद्धिपत्र. पान चार, ओळ नऊ : मनाने ऐवजी मणाने वाचावे. चूक कवीची नाही, त्याच्या अक्षराचीही नाही. चूक मुद्रितशोधिकेची आहे.’ ...तुम्ही?”

“मी.”

“आई गं. मी फार लागट लिहिलं का? दातांची डॉक्टर आहे मी, दुखतं तिथेच हात जातो.” तिने क्षणभर वेलांटीच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग मंचावर वायरी जोडणाऱ्या काटेवाल्याकडे. “मी आज त्याला कॉफीला विचारणार होते,” ती सरळ म्हणाली. “विचारू?”

“नको!” वेलांटी इतक्या जोरात म्हणाली की पुढच्या रांगेतले तिघे वळले.

“हं,” टोपी हसली. हसण्यात थोडी हळहळ होती. “मग मत द्यायला उभी राहा. मी मत देऊन दमले, तो काही माझ्याकडे बघेना.”

दोन गाणी झाली. मग श्रोत्यांनी एकेक करून बोलायचं होतं. कुणी म्हणालं तिघांतच मजा होती. कुणी म्हणालं शिव्या कमी पडल्या. काटेवाला मान डोलावत ऐकत होता. पिवळी चिठ्ठी त्याच्या हातात होती आणि बोटं तिच्यावर ठेका धरत होती. इतक्यात शेवटच्या रांगेत ती उभी राहिली. त्याची बोटं थांबली.

“मी... मी प्रूफं तपासते,” ती म्हणाली. “मला मत देता येत नाही. चुका काढता येतात. पण मला सगळ्यात आधी विचारलं होतं, आणि मी उत्तर दिलं नव्हतं. म्हणून आज देते. तिसरं गाणं लांबलंय. सहाव्यात ट्रकचा आवाज छान आहे, राहू द्या. आठव्यात तुम्ही एकट्याने तिघांचा ठेका धरायचा प्रयत्न केलाय, तो नको होता. एकट्याचंच वजन पुरेसं आहे.”

असं मत अजून कुणी दिलं नव्हतं.

“आणि चौथं?” त्याने माइकवर विचारलं. आवाज जरा फाटला.

“चौथं मी काल दिवसभर ऐकलं. त्यासारखं दुसरं नाही. पण... ते दुसऱ्या कुणाबद्दल असेल, तर मला ते अजिबात आवडलेलं नाही.”

हशा उसळला. टोपीने टाळी वाजवली. तो मात्र हसला नाही. तिच्याकडेच बघत राहिला, जणू चाळीस खुर्च्या रिकाम्या होत्या.

“दुसरं कोण असणार?” तो म्हणाला. “खिडकीशी हसतं कोण?”

“पण त्यात ‘तू’ आहे. मला तर तुम्ही...”

“काय करू? ‘तुम्ही हसलात’ ठेक्यात बसेना. फार बसवून बघितलं.”

तिला आधी हसू आलं, मग रडू, मग दोन्ही. चाळीस माणसं वळून बघत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला कोण काय वाचतंय याची फिकीर नव्हती.

“मग गाण्याबाहेर तरी कशाला अहो-जाहो करतोस?” ती म्हणाली.

माइक चालू आहे हे विसरून तो एवढंच म्हणाला,

“कार्यक्रम संपेपर्यंत... थांबशील?”

“थांबेल, थांबेल!” मागच्या खुर्च्यांवरून चारपाच आवाज आले.

“थांबेन,” ती म्हणाली. “आणि तिसरं गाणं मात्र छोटं कर.”