दोरीचं दुसरं टोक

हे घडलं तेव्हा रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. स्मशान, विहीर, चिंचेचं झाड... काही म्हणजे काही नव्हतं.

भरदुपार होती. डोक्यावर लख्ख ऊन होतं, आणि आजूबाजूला हसती-बोलती माणसं.

म्हणूनच नसीमबानू ही गोष्ट कुणाला सांगत नाही. रात्रीची असती तर लोक म्हणाले असते, भास झाला. दुपारच्या गोष्टीला काय म्हणणार?

मला ती तिच्या नवऱ्याकडून कळली. नियाज कसबा पेठेत घड्याळं दुरुस्त करतो. कमी बोलतो. जे बोलतो ते मोजून. त्यानं सांगितलं तसंच सांगतो. पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

साल २०१८. फेब्रुवारी महिना. जागा, धायरीच्या टोकाला असलेलं भटक्या जनावरांचं एक शेल्टर.

नसीमबानू तिथे नवीनच लागली होती. काम टेबलावरचं. फोन घ्यायचा, जखमी कुत्र्यांची वर्दी लिहायची, येणाऱ्या माणसाला बसवायचं. पिंजऱ्यांकडे ती फारशी जायची नाही.

पण त्या दिवशी सगळ्यांनाच मैदानात बोलावलं होतं. झाडूवाल्या तुळजाबाईंपासून ड्रायव्हर संभाजीपर्यंत. सगळ्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण होतं.

शिकवायला आले होते सदाशिव पेठेतले डॉक्टर यज्ञेश्वर. जनावरांचे निवृत्त डॉक्टर. बारीक, ताठ, आणि जिभेला धार.

"मी टेबलावर बसते, माझा काय संबंध, असं ज्यांना वाटतंय," ते सुरुवातीलाच म्हणाले, "त्यांनी कुत्र्यांना तसं कळवून ठेवावं. म्हणजे चावताना ती हुद्दा विचारतील."

सगळे हसले. नसीमबानूही.

मग ते हसू देईनात.

"वर्षापूर्वी इथला एक माणूस गेला. कुत्र्याचा दात लागला होता. कुणाला बोलला नाही. जखम बारीक होती म्हणे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दाताला बारीक-मोठं कळत नाही. लक्षणं दिसली की मग औषध नाही. म्हणून आजचा हा खटाटोप."

तुळजाबाई पदराशी चाळा करत राहिल्या.

नसीमबानूनं त्या माणसाबद्दल उडत-उडत ऐकलं होतं. नावसुद्धा नीट माहीत नव्हतं. ती लागली त्याच्या आधीची गोष्ट.

सकाळभर डॉक्टरांनी शिकवलं. कुत्र्याचे कान काय सांगतात, शेपूट काय सांगते. दात लागला तर आधी नळाखाली साबणानं खूप वेळ धुवायचं, मग इंजेक्शनं, आणि लाज न बाळगता सांगायचं. कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही. हात अंगाशी, तोंड बाजूला, झाडासारखं उभं राहायचं.

जेवणानंतर त्यांनी काळ्या कापडाच्या पट्ट्या आणि दोऱ्या काढल्या.

"आता निम्म्यांनी कुत्रं व्हायचं. डोळ्यांवर पट्टी, मनगटाला दोरी. उरलेल्यांनी त्यांना फिरवायचं. तोंडातून शब्द नाही. कुत्र्याला तुमची भाषा कळत नाही, दोरी कळते. तुम्ही कसे ओढता ते आज तुम्हालाही कळू दे."

नसीमबानूच्या वाट्याला वासंती आली. वासंती ड्रेसिंग करायची. बडबडी, हातात काचेच्या बांगड्या, सतत किणकिण.

"पाडू नकोस गं बाई," नसीमबानू म्हणाली.

"कुत्री बोलत नाहीत," वासंती म्हणाली, आणि पट्टी करकचून बांधली.

अंधार झाला.

दोरीला हिसका बसला. नसीमबानू धडपडली. दुसरा हिसका. बांगड्या किणकिणल्या. कुणीतरी खुसखुसलं. वासंती अगदी आडमुठ्यासारखी ओढत होती.

मग दोरी सैल पडली.

नसीमबानू उभी राहिली. कुठेतरी रिक्षा थांबल्याचा आवाज आला. माणसांची गडबड. कुत्र्यांचं भुंकणं वाढलं.

ती वाट बघत राहिली.

आणि दोरी पुन्हा उचलली गेली...

या वेळी हिसका नव्हता. अगदी हळुवार ओढ होती. चल, म्हणाल्यासारखी.

ती चालू लागली.

दोरी डावीकडे झाली की ती डावीकडे. वळणाआधी एक बारीक आवाज यायचा. जीभ टाळ्याला लावून केलेला. च्... च्...

एके ठिकाणी दोरी अलगद वर झाली. तिनं पाऊल उचललं, आणि पायाखाली पायरी लागली. अडखळली नाही.

तिला गंमत वाटली. वासंती पटकन शिकली की! तिला वाटलं, डोळे बांधूनही माणसाला इतकं निर्धास्त वाटू शकतं तर.

मग तिच्या लक्षात आलं...

कुत्री गप्प झाली होती.

एकही भुंकत नव्हतं. शेल्टरमध्ये असं कधीच होत नाही. जेवणाच्या वेळीसुद्धा नाही.

आणि पुढे चालणाऱ्याच्या पावलांचा आवाज नव्हता. तिच्या चपला वाजत होत्या. फक्त तिच्याच.

तोंडावरचं ऊन गेलं. सावली आली. पायाखाली गार फरशी लागली.

दोरी थांबली.

डोक्यावर हात पडला. ओढणीवरून त्यानं दोनदा थोपटलं. थप्... थप्...

मोठा हात होता. जड. अख्खं डोकं पंजात मावलं.

बांगड्या वाजल्या नाहीत.

"वासंती?" ती कुजबुजली.

मागे लोखंड घासल्याचा आवाज आला.

कडी लागली.

आणि त्याच वेळी लांबून, मैदानाच्या बाजूनं, वासंतीची हाक ऐकू आली. "नसीम! अगं नसीम, कुठे गेलीस?"

तिनं पट्टी खाली ओढली.

ती मागच्या खोलीत होती.

या खोलीकडे कुणी विनाकारण जात नसे. शेल्टरच्या पार शेवटी, तीन बाजूंना भिंत, पुढे जाळीचं दार. पिसाळल्याचा संशय असलेलं जनावर इथे ठेवायचे. आदल्या दिवशीच एक तांबडा कुत्रा आणला होता. त्याची वर्दी तिनंच लिहून घेतली होती.

तो कोपऱ्यात उभा होता. बांधलेला नव्हता.

जबड्यातून लाळेची तार लोंबत होती. डोळे तिच्यावर.

तिनं मनगटाकडे पाहिलं. दोरी जाळीच्या खालून बाहेर गेली होती. ताणलेली होती. बाहेर कुणीतरी धरल्यासारखी...

बाहेर कुणी नव्हतं. रिकामी पायवाट, तिच्यावर ऊन.

कुत्रा गुरगुरला.

नसीमबानूला किंकाळी फोडायची होती. पाय पळायला बघत होते. पळणार कुठे? मग सकाळचे शब्द कुठून तरी आठवले. तिनं हात अंगाशी घेतले. तोंड बाजूला केलं. तिथल्या तिथे उभी राहिली. मनातल्या मनात कलमा म्हणू लागली.

नखं फरशीवर वाजली. कुत्रा जवळ येत होता. झोकांड्या खात.

त्याचा श्वास तिच्या पोटरीला लागला. गरम. घाण वासाचा.

आणि दोरी सुटली. ताण गेला, ती फरशीवर मऊ पडली.

कुत्रा थबकला. त्यानं मान वर केली. आधी जाळीकडे पाहिलं. मग नजर सावकाश सरकत आली. दारातून आत... फरशीवरून... नसीमबानूच्या अगदी शेजारी.

तिथे येऊन नजर थांबली.

कुत्र्यानं हनुवटी जमिनीला टेकवली.

शेपूट हलली.

नसीमबानूच्या उजव्या कानाशी, कुणी वाकून उभं असावं इतक्या जवळ, आवाज झाला.

च्... च्...

पुढचं तिला तुटक आठवतं. धावती पावलं. वासंतीचं किंचाळणं. डॉक्टरांनी दार उघडून तिला दंडाला धरून बाहेर खेचलं, आणि कडी पुन्हा घातली. कुत्रा जागचा हललासुद्धा नाही.

"इथे कुणी आणलं हिला?" डॉक्टर गरजले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

वासंती रडू लागली. "मी नाही हो! रिक्षात एक चेंगरलेलं पिल्लू आलं, तुम्हीच हाक मारलीत. मी हिला म्हटलं, थांब इथेच. दोरी मातीवर ठेवली आणि पळाले. हिनं ऐकलं नसेल त्या गोंधळात."

मग सगळ्यांना विचारून झालं. जो तो मैदानातच होता.

ड्रायव्हर संभाजी मात्र खाली मान घालून उभा होता.

"मी बघितलं यांना जाताना," तो म्हणाला. "मैदानातून सटकून गाडी धूत होतो. या एकट्याच चालल्या होत्या. हात पुढं केलेला. दोरी..."

"दोरीचं काय?"

"दोरी सरळ होती, साहेब. हवेत. मला वाटलं वासंतीताई कोपऱ्यापलीकडं असतील."

डॉक्टरांनी तो विषय तिथेच तोडला. नसीमबानूला नळाखाली बसवलं. हातपाय साबणानं धुवायला लावले. कुठे दात लागलाय का, ओरखडा आहे का, वासंतीकडून नीट बघून घेतलं.

ताजं कुठे काही नव्हतं. तुळजाबाईंनी पाणी आणून दिलं. नसीमबानूनं त्यांना सगळं सांगितलं. हळुवार ओढ. पायरीपाशी दोरी वर होणं. च् च् करणं. डोक्यावर दोनदा थोपटणं.

तुळजाबाईंच्या हातातला तांब्या कलंडला.

"त्यो असाच न्यायचा," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"हिंदुराव. मेला न्हाई का वर्सामागं, त्योच. लई जीव कुत्र्यांवर. जे जगण्यातलं न्हाई, ज्याला शेवटची सुई द्यायची, ते दुसऱ्या कुणाच्या हातून जायाचं न्हाई. त्येच्यामागनं गुमान जायचं. त्या मागच्या खोलीत न्यायचा, डोस्क्यावर दोनदा थापटायचा, आन् कडी लावून डागदरला हाळी द्यायचा."

तांब्या सरळ करत त्या म्हणाल्या, "त्येला सोताला लागलं, तवा त्यो बी तिथंच जाऊन बसला हुता. पाण्याला भ्यायचा. तिथनंच दवाखान्यात न्हेला. परत न्हाई आला."

अचानक नसीमबानूनं डावा हात पुढे केला.

करंगळीच्या बुडाशी एक बारीक डाग होता. भरून आलेला.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नियाजला नाही, वासंतीला नाही. काही दिवसांपूर्वी कुणीतरी फाटकाशी खोक्यात एक पिल्लू सोडून गेलं होतं. ती दूध पाजायला गेली आणि पिल्लाचा दात लागला. एवढंसं रक्त. नियाजला कळलं तर नोकरी सोड म्हणेल, म्हणून ती गप्प बसली. पिल्लू पुढे दोन दिवसांनी मेलं. पिल्लं मरतातच. कुणी फार विचार केला नाही.

डॉक्टरांनी तो डाग पाहिला.

"उठा," एवढंच म्हणाले. "गाडी काढ रे संभाजी."

त्याच दिवशी इंजेक्शनं सुरू झाली. एकही चुकू दिलं नाही. तांबडा कुत्रा दुसऱ्या दिवशी मेला. तपासणीचा निकाल आला... तो खरोखरच पिसाळलेला होता. खोक्यातल्या पिल्लाचं काय, ते कधीच कळलं नाही. ते केव्हाच पुरून टाकलेलं.

नसीमबानूला काही झालं नाही. आज ती ठणठणीत आहे. शेल्टरची नोकरी सोडली. आता कसब्यातच एका ओळखीच्या दुकानात बसते.

हे सगळं त्याच्या घरी बसून सांगून झाल्यावर नियाजनं चष्मा काढला आणि पुसत बसला. मी म्हटलं, "म्हणजे त्या माणसानं भलंच केलं की. स्वतः लपवून जिवाला मुकला, हिला मुकू दिलं नाही."

"मीही तेच म्हणालो तिला," नियाज म्हणाला. "अल्लाचा फरिश्ता समज, म्हटलं. वाचवायला आला होता."

"मग?"

नियाजनं आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. नसीमबानू तिथे भाजी निवडत होती. तिचे हात थांबले होते. ती ऐकत होती.

मान वर न करता ती म्हणाली,

"वाचवायचं होतं, तर कडी का लावली?"