मनोऱ्याखालचं हळदीकुंकू

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे माझ्याच हातून घडलंय. ह्याच उजव्या हाताच्या बोटानं.

२०१७ची संक्रांत, शनिवारची दुपार. आम्ही राहतो त्या केंब्रिजच्या जरा वर, जुन्या जर्मन लोकांनी वसवलेलं नॉयडॉर्फ नावाचं लहानसं गाव आहे. दगडी चर्च, बंद पडलेली पिठाची गिरणी आणि घड्याळाचा मनोरा. एका विधवेनं नवऱ्याच्या आठवणीसाठी बांधलेला.

मनोऱ्याला लागूनच हॉल. आमच्या मंडळाचं हळदीकुंकू तिथे.

माझे मोठे दीर जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. जाऊबाईंना, छायावहिनींना, मीच आग्रह करून आणलं. हल्ली हे कोण मानतं, असं गाडीत मीच म्हणाले.

बायका ओळीनं बसल्या. मी करंडा घेऊन निघाले.

वहिनींच्या शेजारी एक गोरी म्हातारी होती. काळा झगा, डोक्याला काळा रुमाल. मला वाटलं, गावातल्या म्युझियमची व्हॉलंटियर असेल, जुन्या काळच्या कॉस्च्युममध्ये आलीय.

आधी वहिनी होत्या.

त्यांनी कपाळ किंचित पुढे केलं...

आणि माझं बोट त्यांना ओलांडून गेलं.

वहिनींनी कपाळ मागे घेतलं.

म्हातारीला मात्र हसून कुंकू लावलं. वाण दिलं, तिळगूळ दिला. पाहुणीचं केवढं कौतुक!

तिचं कपाळ... बाहेरच्या मेलबॉक्सच्या पत्र्यासारखं गार होतं.

मी पुढे सरकले. मागे लाकडी फरशीवर झगा घासल्याचा आवाज आला. सर्र... सर्र...

मग वर मनोऱ्यात टोला पडला. एकच.

हॉलची केअरटेकर दारातच उभी होती. ते घड्याळ कित्येक वर्षं बंद आहे, म्हणाली. तिच्यासमोरून कुणी बाहेर गेलंही नव्हतं.

मी वळले. म्हातारीची खुर्ची रिकामी.

वाण वहिनींच्या मांडीवर होतं.

आणि त्यांच्या कपाळावर... कुंकू. वाकडं. सवय नसलेल्या बोटानं लावलेलं.

"त्या बाईंनी लावलं," वहिनी हळूच म्हणाल्या. "स्वतःच्या कपाळावरचं टिपून. हात फार गार होता गं, सुहास."

बाहेर पडताना मनोऱ्याच्या पायथ्याशी, काचेआड, तो बांधणाऱ्या विधवेचा जुना फोटो दिसला. तोच काळा रुमाल. चेहऱ्यापर्यंत मी नजर नेलीच नाही. भीती वाटली, असं सगळ्यांना सांगते. खरं तर लाज वाटली.

गाडीत हीटरचं बटण उगाच फिरवत राहिले. सॉरी ओठांपर्यंत आलं, तिथेच राहिलं.

पुढच्या वर्षी हॉल केंब्रिजमध्येच घेतला. वहिनींना घेऊन सगळ्यांच्या आधी पोचले. ठरवलंच होतं, पहिलं कुंकू त्यांना. कोट काढून ठेवला, करंडा घेतला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "माझं झालंय."

त्यांच्या कपाळावर ताजं कुंकू होतं. वाकडं.

हॉलमध्ये आम्ही दोघीच होतो.

आणि करंड्याचं झाकण... मी अजून उघडलंच नव्हतं.