रंगीत तालमीतला पेशंट

"सिस्टर, मी मघाशीच मेलो!"

स्ट्रेचरवरचा पेशंट डोळे मिटूनच असं म्हणाला आणि अख्खी कॅज्युअल्टी खो खो हसली. माझे कान तापले.

आमच्या सोलापूरच्या हॉस्पिटलात किरणोत्सर्गाच्या अपघाताची रंगीत तालीम होती. म्हणजे टेंभुर्णीच्या हायवेवर एखाद्या ट्रकमधली किरणोत्सर्गी पेटी फुटली, तर जखमींना कसं सांभाळायचं, त्याचा सराव. पेशंट व्हायला ठरलेला ड्रायव्हर आलाच नाही, म्हणून किरणसुरक्षा अधिकारी हृषीकेश सर स्वतःच मांडीला लाल रंग फासून आडवे झाले होते. आणि मी, दाक्षायणी, अतिशहाणी! किरणं मोजायचं मीटर घेऊन त्यांच्या अंगावरची किरणोत्सर्गी धूळ शोधत बसले, धुवायला पाणी मागवलं. मांडीतून रक्त वाहतंय, हे विसरूनच गेले.

"आधी रक्त थांबवायचं," ते उठून बसले. "धूळ थांबते, जीव थांबत नाही. आता परत करा. आणि मीटर एवढं लांब नको... इंचभर अंतरावर, सावकाश."

"इंचभरच?"

"नियम आहे, सिस्टर. मी नाही केलेला—" ते हळूच हसले. "पण मला आवडतो."

बाई गं! मीटर गप्प होतं, माझ्याच छातीत नुसती धडधड.

पुढच्या प्रत्येक तालमीला ते जोडीला मलाच मागायचे. मग चहा सुरू झाला, मग सिद्धेश्वर तळ्याकाठच्या चकरा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. एका संध्याकाळी त्यानं माझा हात धरला.

"मला कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रात नोकरी लागलीय. चल ना... लग्न करून."

"घरी अप्पांना सांगायला हवं. आपली जात वेगळी... धाकट्या बहिणीचं लग्न होऊ दे आधी."

"किती थांबू?"

"थांब की रे थोडं!"

तो एकटाच गेला. वर्षभर थांबला. रोज फोनवर विचारायचा, "सांगितलंस?" आणि मी रोज उद्यावर ढकलायची. धाकटीचं लग्न झालं, मग अप्पांचं बीपी वाढलं, मग श्रावण लागला... कारणांना काय तोटा! खरं सांगू? मला भीती वाटायची. दिवसभर दुसऱ्यांच्या जिवासाठी धावणारी मी, पण अप्पांसमोर तोंड उघडत नव्हतं.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला.

"दाक्षा... आईनं मुलगी बघितली. मी हो म्हटलं."

नीट ऐकू आलं नसावं म्हणून मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू एकदा जरी घरी सांगितलं असतंस—" एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.

त्या दिवशी जेवताना मी भाकरी नुसतीच कुस्करत बसले. अप्पांनी काय झालं विचारलं आणि मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. जातीसकट.

अप्पांनी ताट बाजूला सारलं.

"पोरगा चांगला होता का गं?"

"लई चांगला, अप्पा."

"मग सांगायचं की गं, येडे," ते म्हणाले. "मी न्हाय म्हणलो असतो व्हय?"