नावाएवढी जागा

१४ डिसेंबर २०२४, शनिवार. रात्रीचे नऊ चाळीस. जुळे सोलापूर, चार मजली इमारत, तिसरा मजला. ऋतुराज खालच्या दुकानातून दुधाची पिशवी घेऊन वर आला. दूध तापत ठेवलं आणि लॅपटॉप उघडला. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एकाला ऋतुराजच्या गाण्याची छोटी आवृत्ती सोमवारी द्यायची होती.

हसू नका रे. उद्याच्या अंकाची पानं छपाईला सुटली आहेत, अर्धा तास मोकळा आहे, तर नीट ऐका. पोरगा माझ्या शेजारच्या जिन्यातला, मूळचा बार्शीचा. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तीस वर्षं भोंदूबाबांच्या विरोधात लिहिलं, दोनदा मारही खाल्ला. तरी हे सांगतोय, कारण यात माझाही हात आहे.

गाणं तुम्ही ऐकलंय. गणपतीत चौकाचौकात वाजत होतं. त्यानं ते घरी, एकट्यानं केलं. ढोल कॉम्प्युटरचा, बासरी कॉम्प्युटरची. आवाज तेवढा माणसाचा, विडी घरकुल या कामगारांच्या वसाहतीतल्या शरणम्माचा. अक्कलकोटकडची एकटी बाई. मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि पानं कापता कापता कात्रीच्या ठेक्यावर गायची, अर्धं कानडी, अर्धं मराठी. गाणं तिच्या मेलेल्या लेकीचं. शेवटच्या ओळीत लेकीचं नाव. ती ओळ मात्र ती एरवी म्हणायची नाही. वर्षातून एकदा, पोर गेली त्या दिवशी, दार लावून. ऋतुराजच्या मोबाईलपुढे ती पूर्ण गायली आणि एकच अट घातली.

"कायबी कर, गाण्यातलं नाव कापू नको. तोंड मिटल्याबिगर विडी घेत न्हाईत कारखान्यात. गाण्याचं तोंड नावानं मिटतंय."

त्यानं हो म्हटलं. घरी येऊन कात्रीचा आवाज खरखर म्हणून पुसला. मग नावाची ओळ कापली. ती ठेक्यात बसत नव्हती, सात सेकंद जास्त होत होते. गाणं तीन मिनिटं बारा सेकंदांचं झालं, नेटकं. मूळ रेकॉर्डिंग जागा अडवतंय म्हणून तेही उडवलं.

मी बातमी केली. चार कॉलम. लॅपटॉप कोणता, हेडफोन कुठून आणला, गाणं किती मिनिटांचं, सगळं विचारलं. बाईबद्दल लिहिलं, 'एका विडी कामगार महिलेचा आवाज'. घरकुल इथून पंधरा मिनिटांवर. गेलो नाही.

शरणम्मानं गाणं शेजारणीच्या मोबाईलवर ऐकलं आणि रिक्षा करून त्याच्याकडे आली. भांडली नाही. दारातूनच म्हणाली, "उघडंच ठेवलास की रे, बाळा." पुढच्या आवृत्तीत नाव टाकतो, असं तो म्हणाला. मूळ उडवलंय हे सांगितलं नाही. दिवाळी झाली आणि शरणम्मा वारली.

तर, नऊ चाळीस. हेडफोन लावून त्यानं गाणं सुरू केलं. पहिल्याच कडव्याखाली कात्री ऐकू आली. कच्‌. कच्‌. त्यानं ढोल बंद केला. बासरी बंद केली. शेवटी शरणम्माचा आवाजही बंद केला. पडद्यावर सगळं गप्प झालं.

कात्री चालू.

हेडफोन काढला. चालूच.

लॅपटॉप मिटला. आत दूध उतू गेल्याचा वास आला, पण उठवेना. आवाज आता खोलीत होता... दाराकडून. मग ओळ आली. त्यानं कापलेली. संथ. नावापाशी आली...

थांबली.

कात्रीही थांबली.

पुन्हा तीच ओळ. पुन्हा तिथेच... गप्प. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा अगदी कानाशी, न रागावता, कुणीतरी म्हणालं,

"म्हण की."

त्याला नाव आठवेना.

मग सुचतील ती नावं तो घेत सुटला. सुंदरम्मा. शिवलीला. शिवबाई... प्रत्येक नावानंतर कच्‌. आणि ओळ पहिल्यापासून. उजाडेपर्यंत.

सकाळी माझ्या दारात उभा. ओठ सुकलेले. "काका, तुमच्या बातमीत तिच्या मुलीचं नाव होतं का?" मी कात्रण काढलं. त्यात आईचंसुद्धा नव्हतं.

आम्ही घरकुलात गेलो. शरणम्माला एक मुलगी होती, एवढंच शेजारणींना माहीत. शरणम्मा इथं राहायला येण्याआधीच ती वारलेली. कारखान्याच्या कार्डावर एकट्या शरणम्माचं नाव. अक्कलकोट तालुक्यातली सात गावं पालथी घातली. शरणम्माला ओळखणारे दोघं भेटले. मुलीला सगळे 'पापा', म्हणजे कानडीत बाळ, एवढंच म्हणायचे, म्हणाले.

वाटतं ना, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला? मलाही तसंच वाटायला हवं होतं. काढा मोबाईल. लावा ते गाणं. माझ्या बातमीत लांबी छापली आहे, तीन बारा. आता काय दिसतं?

तीन एकोणीस.

फाइल टाकल्यापासून कुणीही बदललेली नाही, असं गाणं ऑनलाइन ठेवणाऱ्या कंपनीनं लेखी कळवलंय. शेवटच्या सात सेकंदांत कात्री आहे. ओळ आहे. पुढे नावाएवढी जागा, मोकळी.

त्या मुलीचं नाव अजून कुणी सांगितलेलं नाही.