टिन पीकॉक्सची शेवटची फीत

अंबरीष दामले जुने आवाज धुऊन द्यायचा. धुऊन हा शब्द त्याचाच. टोकियोच्या फुनाबोरी भागातल्या दोन खोल्यांच्या घरात एका टोकाला बायकोचा, यामिनीचा कुकर आणि दुसऱ्या टोकाला याची यंत्रं, असा त्यांचा संसार. जुन्या मुलाखती, बंद पडलेल्या शाळांची गाणी असं काय काय त्याच्याकडे येई आणि तो त्यातली खरखर काढून परत करी. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. आवाज म्हणजे हवेचा दाब, त्यापलीकडे काही नाही, असं तो सात वर्षांच्या लेकीला, कश्मिरालाही सांगे.

कश्मिराला दमा होता. डॉक्टरांनी झोपेतला श्वास रेकॉर्ड करून आणायला सांगितल्यापासून कॉम्प्युटरवर तिच्या नावाची एक फाईल पडून होती. प्रत्येक श्वासाच्या शेवटी एक बारीक शीळ वाजे, आणि पुढचा श्वास येईपर्यंत या माणसाचा जीव टांगणीला लागे. तिच्यापुढे त्याला जगात दुसरं काहीच मोठं नव्हतं.

डिसेंबरात जवळच्या ग्योतोकुहून होशिनो-सान आल्या. सत्तरीला टेकलेल्या, नीटनेटक्या बाई. कापडात बांधून आणलेली टेपची फीत त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली. टिन पीकॉक्स हा पन्नास वर्षांपूर्वीचा इंग्रजी बँड. चंदेरी बूट, पापण्यांवर चमकी, खांद्यांवर मोरपिसं. एक रेकॉर्ड, एक जपान दौरा, चौदा महिन्यांत सगळा खेळ खलास. टोकियोतल्या शेवटच्या कार्यक्रमानंतर त्यांचा गायक आयव्हर हॉटेलात मेलेला सापडला. मायदेशी त्यांना कुणी विचारलं नाही, पण इथल्या मुली त्याच्यासाठी वेड्या झाल्या होत्या, आणि होशिनो-सान त्यांतल्याच एक. त्यांचे काका त्या हॉलमध्ये साउंड बघायचे, म्हणून त्या शेवटच्या कार्यक्रमाची ही फीत हाती आली.

आयव्हरची एक ख्याती होती. तो ओळीमागून ओळ गायचा, पण मध्ये दम घेतल्याची चाहूलही कुणाला लागत नसे.

चिकट झालेली फीत मंद आचेवर भाजली की एकदा, फार तर दोनदा वाजते. अंबरीषने ती भाजली, कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि आवाजाचे थर वेगळे केले. गिटार, बास, ड्रम, गळा. खाली पाचवा थर निघाला. माइकच्या अगदी जवळ कुणीतरी श्वास घेत होतं, आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीक शीळ होती. म्हणजे बिचाऱ्यालाही दमा होता तर, असं त्याला वाटलं.

त्याने होशिनो-सानना फोन करून विचारलं, हा श्वास ठेवायचा की काढायचा.

"तो आधी नव्हता," त्या म्हणाल्या. "दरवर्षी तो गेला त्या तारखेला मी फीत लावायचे, यंदा ती चिकटली. सात वर्षांपूर्वी पहिल्यांदा ऐकू आला."

फीत वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेढ्यातला आवाज दुसऱ्यावर उमटतो, असं अंबरीषने त्यांना समजावलं. त्या हो म्हणाल्या आणि काढा म्हणाल्या.

काढायचा आवाज प्रोग्रॅमला आधी नमुना म्हणून ऐकवावा लागतो. चहा निवतोय म्हणून यामिनीने दुसऱ्यांदा हाक मारली, आणि घाईत त्याने शेजारच्याच फाईलवर बोट टेकलं. चहा पिऊन आला तो पाचवा थर कोरा होता. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या टाळीपर्यंत काही उरलं नव्हतं. इतकं स्वच्छ काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. मग त्याने नमुन्याचं नाव वाचलं.

कश्मिरा.

प्रोग्रॅम नमुन्याशी जुळेल तेवढंच काढतो. त्याने हात न लावलेली मूळ प्रत उघडली. तिथेही श्वास नव्हता. फीत पुन्हा लावली, तर तिच्यावरचा तपकिरी लेप यंत्रात भुकटी होऊन पडला.

तो आतल्या खोलीत धावला. कश्मिरा गृहपाठ करत होती.

"आज छाती अगदी मोकळी आहे हिची," यामिनी हसून म्हणाली. किती दिवसांनी ती अशी हसली होती.

त्याने मुलीच्या छातीला कान लावला. ठोके पडत होते. मोठा श्वास घे म्हणाला, तिने खांदे वर केले. कानाला काहीच लागलं नाही.

"दाइजोबु, बाबा," ती म्हणाली. मी बरी आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप चार ठिकाणी लावून पाहिला, मग दुसरा मागवला.

"काहीच ऐकू येत नाही," ते म्हणाले, आणि स्टेथोस्कोप गुंडाळत, "म्हणजे चांगलंच आहे."

जानेवारीत होशिनो-सानचा फोन आला. धुतलेली प्रत ऐकून त्यांनी तीनतीनदा आभार मानले.

"तुम्ही काय केलंत, अंबरीष-सान? आता आयव्हर श्वास घेतो. प्रत्येक ओळीआधी. अगदी तरण्या माणसासारखा, छाती भरून."

तेव्हा अंबरीष शाळेच्या बसची वाट बघत फुटपाथवर उभा होता. कडाक्याची थंडी होती. पोरं तोंडातून वाफ काढून कुणाची लांब जाते ते बघत होती. यामिनी हातांवर फुंकर घालत होती, तिचीही वाफ दिसत होती.

कश्मिराने गाल फुगवले आणि सगळा जोर लावून फुंकर मारली. तिच्या तोंडापुढची हवा कोरीच राहिली.

"दिसली का, बाबा?" तिने विचारलं.

"दिसली," अंबरीष म्हणाला.