न वाळलेला कागद

दुपारच्या बसने लेकीबरोबर नात येणार होती, म्हणून बाई सकाळीच मागच्या शेडमध्ये कागद उतरवायला गेल्या. काम साधं होतं. दोरीवरून चार चांगले ताव काढायचे, दुमडून मधोमध दोरा घालायचा आणि पोरीला पुरेल एवढी वही शिवायची. साडेपाच वर्षांच्या पोरीला अजून लिहिता कुठे येत होतं? स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं यायचं, तेही उलटं. पण आजीच्या हातची वही ती आजीच्या हातची वही.

पहिला ताव बाईंनी बोटांत धरला आणि चटकन सोडला.

ओला.

चार दिवस कडक ऊन होतं. शेजारच्या दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात कडकडीत वाळत होता, आणि कागद ओला. पाण्याने ओला नव्हे. तापाने फणफणलेल्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवला की तळव्याला जी कोमट, चिकट ओल लागते, तशी ओल. बाईंनी बोटं पदराला पुसली, पदर नाकाशी नेला आणि झटकन दूर धरला. फुलदाणीत आठवडाभर कुजलेल्या देठांचं पाणी, त्यात आजारी माणसाचे न धुतलेले केस. असा काहीसा वास.

"कागदाला लावायची खळ बिघडली असणार," त्या स्वतःशीच म्हणाल्या. हे त्या महिनाभर म्हणत होत्या. खळ तीनदा बदलून झाली होती.

कल्पना मुळात बाईंचीच. एकतीस वर्षं शाळेत मुलांना भाषा शिकवून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा शेवटच्या दिवशी त्यांनी पर्समधली, कपाटातली, डब्यातली सगळी लाल पेनं गोळा केली आणि शाळेच्या कचरापेटीत टाकली. "जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. आता माझ्या घरात लाल शाई येणार नाही," असं त्यांनी जाहीर केलं. त्याच वर्षी त्यांचे यजमान पाणीपुरवठा कार्यालयातल्या वरच्या खुर्चीतून उठले. त्यांना सगळे साहेब म्हणत. खुर्ची गेली तरी हाक राहिली, आणि राहावी याची साहेबांनी काळजी घेतली. दोघांनी शहरातली जागा विकून गावाबाहेर मातीच्या भिंतींचं कौलारू घर घेतलं. दोन खोल्या पाहुण्यांसाठी, जेवण चुलीवरचं, पाणी अंगणातल्या विहिरीचं, आणि ज्याला हौस असेल त्याला बाई हातकागद करायला शिकवणार. त्यासाठी त्यांनी पंधरा दिवसांचा वर्गही केला होता.

साहेबांनी आयुष्यात स्वतःचा पाण्याचा पेला स्वतः उचलला नव्हता. पण कागदाचं म्हटल्यावर त्यांनी कंबर कसली.

"कच्चा माल माझ्याकडे लागला," ते म्हणाले. "ऑफिसची रद्दी आहे, चौदा पोती. फाडणं, भिजवणं, लगदा करणं, सगळं मी बघतो. तू नुसती चौकट धर."

आणि खरंच, रोज पहाटे उठून ते शेडच्या हौदात पाय घालून लगदा तुडवत. पोत्यांना बाईंना हात लावू देत नसत. बाईंना भरून यायचं. दूधवाली मात्र तोंडाची फटकळ. ती म्हणाली होती, "बाई, या वयात नवरा आपणहून कामाला लागला, तर एक तर त्याला सद्बुद्धी झाली, नाहीतर काहीतरी लपवायचं आहे. मी चाळीस वर्षं संसार केलाय, सद्बुद्धी काही बघितली नाही."

बाई तेव्हा पोट धरून हसल्या होत्या.

पहिल्याच कागदांची त्यांनी पाहुण्यांसाठी अभिप्राय वही शिवली. पहिले पाहुणे एक म्हातारं जोडपं. गोड माणसं. जाताना त्यांनी वहीत लिहिलं: "व्यवस्था उत्तम. पाण्याला थोडा वास येतो. कृपया दखल घ्यावी."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी विहिरीचा गाळ काढला, पाणी तपासायला पाठवलं. अहवाल आला: पाणी स्वच्छ. साहेबांनी तो फ्रेम करून ओसरीवर लावला. त्यानंतर एकटी आलेली एक चित्रकार. तिनेही शेवटी तेच लिहिलं, पाण्याला वास येतो, कृपया दखल घ्यावी. पुन्हा तपासणी, पुन्हा स्वच्छ. बाई आणि साहेब रोज तेच पाणी पीत होते. त्यांना कसलाच वास येत नव्हता.

मग नवं लग्न झालेली दोघं आली. त्यांनी गाडीतून पाण्याच्या बाटल्यांचा खोकाच आणला होता. घरच्या पाण्याला दोन दिवस त्यांनी तोंड लावलं नाही. ती गेल्यावर बाईंनी वही उघडली. मुलीच्या तिरक्या, घाईच्या अक्षरात ओळ होती: "पाण्याला वास येतो. कृपया दखल घ्यावी."

बाईंनी तिला फोन केला. "अगं, तू आमचं पाणी प्यायलीस कधी?"

"पाणी? नाही हो काकू." पोरगी गोंधळली. "मी तर लिहिलं, खूप मजा आली, पुन्हा येऊ… तेवढंच लिहिलं मी."

साहेबांना हे सांगितल्यावर ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "नोंद घेतली." ही त्यांची जुनी थट्टा होती. कार्यालयात त्यांच्या टेबलावर याच दोन शब्दांचा शिक्का असे.

तर आज हे ताव पुन्हा ओले. वहीला एखादा कोरडा कोरा कागद मिळतो का, हे बघायला बाई कोपऱ्यातल्या शेवटच्या पोत्याकडे वळल्या. चौदावं पोतं. साहेब बसथांब्यावर गेले होते. बाईंनी कात्रीने पोत्याचं तोंड उसवलं.

आत फायली नव्हत्या. पाकिटं होती. शेकडो. आणि एकही फोडलेलं नव्हतं. प्रत्येकाच्या बंद तोंडावर जांभळा शिक्का: नोंद घेतली. काही पाकिटांना चिकटपट्टीने औषधाच्या छोट्या बाटल्या बांधलेल्या. आत तपकिरी पाणी, तळाशी केसांसारखं काहीतरी. एक बाटली फुटली होती, आणि तिच्याभोवतीची पाकिटं एकमेकांना चिकटून कुजून त्यांचा साबणासारखा मऊ गोळा झाला होता. बाईंचा हात त्या गोळ्यात मनगटापर्यंत गेला.

त्यांनी हात बाहेर ओढला. तेरा पोत्यांतल्या अशा बाटल्यांचं पाणी साहेबांनी कुठे ओतलं असेल, हे त्यांना समोरच दिसलं. हौदाच्या मागे रिकाम्या बाटल्या ओळीने ठेवल्या होत्या, स्वच्छ विसळून. साहेब काटकसरी. पाणीसुद्धा वाया घालवलं नव्हतं.

गोळ्याखाली एक जाड पाकीट कोरडं राहिलं होतं. पत्ता गोल, जपून काढलेल्या अक्षरात. एकतीस वर्षं मुलांचं अक्षर बघितलेल्या बाईला ते ओळखायला चष्मा लागत नाही. सातवी. मुलगी. बाईंनी पाकीट फोडलं.

आत वेगवेगळ्या मुलांच्या वह्यांतली एकेचाळीस पानं होती. प्रत्येक पानावर एक तक्रार अर्ज. टेकडीखालच्या वस्तीतल्या नळाला घाण पाणी येतं, त्यात अळ्या असतात, लहान भावाचं पोट दुखतं, आई उठत नाही. प्रत्येक अर्जाच्या शेवटी, नीट समास सोडून: कृपया दखल घ्यावी. आणि प्रत्येक अर्जाच्या खाली, लाल शाईत, बाईंचं स्वतःचं अक्षर.

"छान. दहापैकी सात. अक्षर सुधारा."

नऊ वर्षांपूर्वीचा तास त्यांना लख्ख आठवला. अर्जलेखन. विषय मुलांनी स्वतः निवडा, असं त्यांनीच सांगितलं होतं. वर्गातली जवळजवळ सगळी पोरं त्या वस्तीतली. एका मुलीने हात वर करून विचारलं होतं, "बाई, खरंच पाठवलं तर वाचतात का?" आणि बाई ऐटीत म्हणाल्या होत्या, "का नाही वाचणार? आमचे साहेबच तिथे आहेत." पोरांनी तपासलेलीच पानं पाठवली होती. बाईंनी छान म्हटलं होतं ना.

त्या उन्हाळ्यात वस्तीत तापाची साथ आली. वर्तमानपत्रात तीन ओळी छापून आल्या, त्याही साहेबांच्या खुलाशासकट: एकही तक्रार प्राप्त नाही. बाईंनी हजेरीपटावर सात मुलांपुढे महिनाभर गैरहजर लिहिलं आणि मग पट्टी धरून सात नावांवर सरळ रेघ मारली. रेघा वाकड्या आलेल्या त्यांना कधी चालत नसत.

फाटक वाजलं. बस लवकर आली होती.

आणि त्याच क्षणी बाईंना पहिल्यांदा तो वास आला. कागदाचा नव्हे. विहिरीकडून, माठाकडून, स्वतःच्या घशातून. वर्षभर आपण काय पीत आलो, ते जिभेला एकदम कळावं तसा.

त्या धावल्या. ओसरीवर नात चपला काढत होती, लेक पिशव्या उतरवत होती, आणि साहेब, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या हाताने भरलेला पेला पोरीपुढे धरत होते. पोरीने दोन्ही हात पुढे केले.

बाईंनी पेला उडवला. पाणी भिंतीवर गेलं.

"आई!" लेक ओरडली. "हे काय?"

"तिला पाणी द्यायचं नाही. या घरातलं थेंबभरही नाही." बाईंना धाप लागली होती. मुठीतली पानं त्यांनी साहेबांपुढे धरली. "हे काय आहे?"

साहेबांनी पानांकडे बघितलं, मग बाईंच्या बरबटलेल्या मनगटाकडे. "पोतं फोडलंस कशाला?"

"तुम्ही पाकिटं फोडली नाहीत म्हणून."

"अगं, हळू बोल… लेकीसमोर…" त्यांनी आवाज उतरवला. "ऑडिट येणार होतं. जाळलं असतं तर धूर दिसला असता. म्हटलं, तुझ्या हौसेच्याही कामी येईल."

"माझ्या हौसेच्या."

"आणि वाचून मी काय दिवे लावणार होतो? ती पाइपलाइन तीन खात्यांच्या हद्दीतून जाते. एकाने हात घातला की दोघे अंगावर येतात. नोकरी अशीच करतात सगळे."

"सात मुलं गेली हो… माझ्या वर्गातली."

"पाणी स्वच्छ आहे!" साहेबांनी फ्रेमकडे बोट केलं. मग माठातून पेला भरला, सगळ्यांसमोर उंच धरला आणि गटागटा प्यायले. त्यांच्या गळ्याची गाठ वरखाली होत होती. पेला खाली ठेवून ते हसले. "बघ. काय झालं मला?"

त्यांच्या दातांच्या फटीत करडा, ओला लगदा अडकला होता. त्यांनी नखाने तो काढला, न बघता दोन बोटांत त्याची गोळी केली आणि माठाच्या बुडाशी चिकटवली. तिथे तशा कितीतरी गोळ्या वाळून चिकटलेल्या होत्या. बाई रोज तो माठ भरत होत्या, पण खाली वाकून त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

लेकीने तोंडावर हात दाबला आणि ती अंगणात जाऊन ओकली.

बाईंना ओकारी आली नाही. एकेचाळीस वर्षं या माणसाच्या ताटातलं उरलेलं आपण खाल्लं, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्या म्हणाल्या, "परतीची बस कितीला आहे? मी पोरीला घेऊन निघते. ही पानं घेऊन निघते. छापतील तिथे देईन, नाही छापली तर चौकात वाचेन."

"तुझी लाल शाई आहे त्यांच्यावर," साहेब शांतपणे म्हणाले. "तीही वाच."

"वाचेन."

अंगणातून लेकीचा दबका आवाज आला. "आई… छोटी कुठे आहे?"

छोटी आतल्या खोलीत होती. पाहुण्यांच्या टेबलाशी, खुर्चीवर गुडघे टेकून, अभिप्राय वहीवर ओणवी. डाव्या हाताखाली पान झाकून, शेजारच्याने बघू नये म्हणून मुलं झाकतात तसं. बाई दारातच थांबल्या. पोरीच्या केसांतून पाणी निथळत होतं. उडालेल्या पेल्यातलं पाणी तर भिंतीवर गेलं होतं.

"काय करतेस, बाळा?"

पोरीने मान वर केली नाही. ओळ पूर्ण केली, समास तपासला, मग वही उलटी फिरवून पुढे सरकवली. अख्खं पान भरलं होतं. गोल, जपून काढलेली अक्षरं, एकही उलटं नाही. बाईंनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, चुका न शोधता. शेवटी नाव नव्हतं. फक्त हजेरी क्रमांक, एकोणीस.

बाईंनी डोळे मिटले. वर्षभर रोज सकाळी हाक मारलेली ती यादी त्यांनी मनात म्हणायला घेतली. सतरा आठवला. अठरा आठवला. वीस आठवला. एकोणिसावर फक्त एक सरळ रेघ होती.

"बाई," पोरगी म्हणाली, "तपासता ना?"

आणि तिने ओल्या मुठीतलं पेन पुढे केलं. टोपण चावलेलं, शाई नुकती भरलेली. लाल.